सेनेटर्स कोणते? मिनेसोटाला गेलेले की टेक्सासला गेलेले?

जुन्या बेसबॉलच्या आकड्यांमध्ये ‘वॉशिंग्टन सेनेटर्स’ हे नाव दिसले की आधी वर्ष बघावे. १९०१ ते १९६० मधले असेल तर तो संघ आज मिनेसोटा ट्विन्स या नावाने खेळतो. १९६१ ते १९७१ मधले असेल तर तो दुसराच संघ, आजचा टेक्सास रेंजर्स. दोन्ही संघ अमेरिकन लीगचे (बेसबॉलच्या दोन मुख्य लीगपैकी एक; दुसरी नॅशनल लीग), दोघांनीही राजधानी सोडली आणि एक हंगाम तर दुसरा पहिल्याच्याच मैदानावर खेळला. त्यामुळे गल्लत होते. पहिल्या संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) वॉल्टर जॉन्सनचे ४१७ विजय कुणी टेक्सासच्या खात्यात टाकतो, तर कुणी दुसऱ्या संघाचा फलंदाज फ्रँक हॉवर्डला मिनेसोटात नेऊन बसवतो. (१८९९ पर्यंत नॅशनल लीगमध्येही सेनेटर्स नावाचा एक संघ होता. तो बंद पडला; या दोघांशी त्याचा काही संबंध नाही.)

गोंधळाचे मूळ असे की अमेरिकेत संघ म्हणजे शहर नव्हे आणि नावही नव्हे. संघ म्हणजे लीगमधली फ्रँचायझी. मालकाने गाव बदलले की खेळाडूंचे करार, मायनर लीगमधले (खालच्या पातळीवरच्या लीगमधले) तरुण, प्रशिक्षक, कर्ज आणि विक्रमांची वही हे सगळे त्याच्याबरोबर जाते. मागे उरते ते मैदान, प्रेक्षक आणि कधी कधी नाव. १९६० च्या शेवटी वॉशिंग्टनमध्ये नेमके हेच घडले: फ्रँचायझी गेली, नाव मागे राहिले आणि त्याच नावाखाली कोरी वही उघडली गेली.

२६ ऑक्टोबर १९६० रोजी अमेरिकन लीगने दोन निर्णय एकत्र जाहीर केले. सेनेटर्सचा मालक कॅल्व्हिन ग्रिफिथ आपला संघ मिनिअॅपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांकडे नेणार, आणि लीग आठाची दहा संघांची होऊन लॉस एंजेलिस व वॉशिंग्टनला नवे संघ मिळणार. राजधानीला लगोलग नवा संघ देण्यामागे धास्ती होती. वॉशिंग्टनमध्ये संघच उरला नाही तर मक्तेदारीविरोधी कायद्यातून बेसबॉलला मिळालेल्या सवलतीवर अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये (संसदेत) प्रश्न उठले असते. दहा संघांमुळे १५४ सामन्यांचा हंगाम १६२ सामन्यांचा झाला. १९६१ चे आकडे १९६० शी ताडून पाहताना हे आठ जास्तीचे सामने विसरू नयेत.

ग्रिफिथने शहर का सोडले, याचे उत्तर प्रेक्षकसंख्येत आहे. १९६० मध्ये वॉशिंग्टनला वर्षभरात ७,४३,४०४ प्रेक्षक आले होते आणि ग्रिफिथ स्टेडियम जुने व लहान होते. दुसरे कारण त्याने स्वतःच १९७८ मध्ये मिनेसोटातल्या वासीका गावी केलेल्या भाषणात उघड केले: मिनेसोटात कृष्णवर्णीयांची वस्ती अगदी थोडी होती, हेही त्याला इकडे यायला पुरेसे वाटले होते. ग्रिफिथ स्टेडियम हॉवर्ड विद्यापीठाला लागून, कृष्णवर्णीय वस्तीत होते. हे कारण वगळून या स्थलांतराचा इतिहास सांगितला तर तो अर्धाच सांगितला जातो.

आता १९६१ चा हंगाम. एकाच लीगमध्ये दोन ‘पहिले हंगाम’ चालू होते आणि दोन्हींचा पाया पूर्ण वेगळा होता.

मिनेसोटात उतरलेला संघ तयार होता. हार्मन किलब्रू, बॉब अॅलिसन, कॅमिलो पास्कुअल, जिम काट, झॉइलो व्हर्साय्यस हे सगळे वॉशिंग्टनमधूनच आले. फक्त टोपी बदलली. टोपीवरचा मजकूरही विचार करून ठरवला होता. ‘एम’ लिहिले असते तर ते मिनिअॅपोलिसचे वाटून सेंट पॉलवाले दुखावले असते, म्हणून ट्विन सिटीज या अर्थी ‘टी’ आणि ‘सी’ ही अक्षरे एकमेकांत गुंफली. राज्याचे नाव घेऊन संघ काढण्यामागेही हाच हिशेब होता. मैदान दोन्ही शहरांच्या बाहेर, ब्लूमिंग्टनमध्ये होते. १९५६ मध्ये मायनर लीगच्या मिलर्ससाठी बांधलेल्या मेट्रोपॉलिटन स्टेडियमची आसने वाढवून ती सुमारे ३०,००० केली. आज तिथे मॉल ऑफ अमेरिका उभा आहे आणि होम प्लेट (फलंदाजाची जागा) होती ती जागा मॉलच्या फरशीत दाखवलेली आहे.

पहिला सामना ११ एप्रिल १९६१ ला न्यूयॉर्कमध्ये झाला. पिचर पेद्रो रामोसने यँकीजना एकही धाव करू दिली नाही आणि ट्विन्स ६-० ने जिंकले. घरचा पहिला सामना २१ एप्रिलला, आणि समोर कोण? नवे वॉशिंग्टन सेनेटर्स! ते ५-३ ने जिंकले. त्या दिवसाचा धावफलक हा या विषयातला सर्वात फसवा कागद आहे. त्यावर एका बाजूला ‘वॉशिंग्टन’ लिहिले आहे, पण आदल्या वर्षापर्यंत वॉशिंग्टनच्या शर्टात खेळलेले बहुतेक खेळाडू दुसऱ्या बाजूला आहेत.

किलब्रूने त्या वर्षी ४६ होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले. पास्कुअलने २२१ फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले, लीगमध्ये सर्वाधिक. तरीही संघ ७०-९० वर (७० विजय, ९० पराभव), सातव्या क्रमांकावर थांबला आणि जूनमध्ये व्यवस्थापक (मुख्य प्रशिक्षक) कुकी लॅव्हाजेटोच्या जागी सॅम मेली आला. पण प्रेक्षक आले १२,५६,७२३. पुढच्याच वर्षी ९१ विजय आणि दुसरा क्रमांक, १९६५ मध्ये १०२ विजय आणि लीगचे विजेतेपद. स्थलांतरित संघाचा पहिला हंगाम जोखताना केवळ जय-पराजय पाहिले तर चूक होते. किलब्रू २५ वर्षांचा होता, काट २२ चा. जे येणार होते ते त्या यादीतच दिसत होते.

वॉशिंग्टनच्या नव्या संघाकडे असले काहीच नव्हते. १४ डिसेंबर १९६० च्या विस्तार-ड्राफ्टमध्ये (नव्या संघांसाठीच्या खेळाडू-निवडीत) जुन्या आठ संघांनी, म्हणजे मिनेसोटाला निघालेल्या संघानेही, प्रत्येकी १५ खेळाडूंची यादी दिली. नव्या दोघांनी त्यांतून प्रत्येकी २८ निवडायचे, एका खेळाडूचे ७५,००० डॉलर. म्हणजे २१ लाख डॉलर मोजून हाती आले ते इतरांना नको असलेले खेळाडू: वय झालेले, दुखापतग्रस्त, नाहीतर राखीव बाकावरचे. खरी अडचण मात्र पुढे असते. मायनर लीगमध्ये स्वतःचे तरुण तयार होत नसल्याने एखाद्याचे वर्ष चांगले गेले की त्याला विकून दोन भोके बुजवावी लागतात. डिक डोनोव्हनचे तसेच झाले. दर नऊ डावांमागे २.४० धावा, ही लीगमधली त्या वर्षीची सर्वोत्तम सरासरी त्याची होती, आणि हंगाम संपताच त्याला क्लीव्हलँडला देऊन टाकले.

१० एप्रिल १९६१ ला अध्यक्ष केनेडींनी ग्रिफिथ स्टेडियमवर हंगामाचा मानाचा पहिला चेंडू फेकला. ही प्रथा १९१० मध्ये अध्यक्ष टाफ्ट यांनी जुन्या सेनेटर्सच्या सामन्यात सुरू केली होती. ती फ्रँचायझीबरोबर मिनेसोटाला गेली नाही, शहरातच राहिली. नवा संघ त्या दिवशी शिकागोकडून ४-३ ने हरला आणि हंगामाअखेर ६१-१०० वर, कॅन्सस सिटीच्या बरोबरीने तळाला राहिला. प्रेक्षक ५,९७,२८७. व्यवस्थापक होता मिकी व्हर्नन. १९४६ आणि १९५३ मध्ये लीगचा सर्वोत्तम फलंदाज ठरला तेव्हा तो जुन्या सेनेटर्सकडून खेळत होता. त्याची खेळाडू म्हणून वॉशिंग्टनमधली कामगिरी मिनेसोटाच्या वहीत आहे आणि व्यवस्थापक म्हणून कामगिरी टेक्सासच्या.

हा दुसरा संघ १९६२ मध्ये नव्या डी. सी. स्टेडियमवर गेला (१९६९ पासून त्याचे नाव आर. एफ. के.). अकरा वर्षांत जिंकण्याचे पारडे एकदाच जड झाले: १९६९, टेड विल्यम्स व्यवस्थापक, ८६-७६. मालक बॉब शॉर्ट मूळ मिनिअॅपोलिसचा. याच माणसाने १९६० मध्ये लेकर्स हा बास्केटबॉल संघ मिनिअॅपोलिसहून लॉस एंजेलिसला नेला होता. डेनी मॅक्लेन या पिचरसाठी त्याने एड ब्रिंकमन, ऑरेलिओ रॉड्रिगेझ आणि जो कोलमन हे चांगले खेळाडू डेट्रॉइटला दिले. मॅक्लेनने १९७१ मध्ये २२ सामने गमावले. २१ सप्टेंबर १९७१ रोजी लीगच्या मालकांनी १० विरुद्ध २ मतांनी संघ टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला न्यायला परवानगी दिली.

टेक्सासचा पहिला हंगाम इथे ट्विन्सच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. दोन्हीही स्थलांतरे, दोन्हीही मायनर लीगच्या वाढवलेल्या मैदानावर, आणि योगायोग असा की रेंजर्सचाही घरचा पहिला सामना २१ एप्रिललाच झाला, १९७२ मध्ये. कॅलिफोर्निया एंजेल्सवर ७-६ ने विजय, हॉवर्डचा होम रन. साम्य तिथेच संपते. आर्लिंग्टन स्टेडियम जमिनीत खोल वाटीसारखे, वर सावली नाही. टेक्सासच्या उन्हात दुपारी बसणे अशक्य, म्हणून तिथे रविवारचे सामनेही बहुधा रात्री होत. खेळाडूंच्या संपामुळे हंगाम उशिरा सुरू झाला, रेंजर्सचे १५४ च सामने झाले आणि त्यांतले १०० त्यांनी गमावले. फलंदाजीची सरासरी .२१७, सर्वाधिक होम रन मारणाऱ्या टेड फोर्डचे अवघे १४. हॉवर्डला ऑगस्टमध्ये डेट्रॉइटला विकले. हंगाम संपल्यावर विल्यम्सनेही पद सोडले. वॉशिंग्टनमधल्या शेवटच्या वर्षी ६,५५,१५६ प्रेक्षक आले होते, टेक्सासमध्ये ६,६२,९७४. स्थलांतराने पदरात पडले ते आठ हजारही नाहीत! नव्या गावाला कुतूहल असते, पण पोकळ झालेला संघ नेला तर ते कुतूहल तिकिटात उतरत नाही. ट्विन्सकडे किलब्रू होता. रेंजर्सकडे विकायला काढलेला हॉवर्ड.

आकडे शोधताना कुठे अडखळायला होते ते सांगतो. किलब्रूचे होम रन कुठे ४७५ दिसतात, कुठे ५५९. दोन्ही बरोबर: ४७५ मिनेसोटातले, त्यात वॉशिंग्टनमधले ८४ मिळवले की फ्रँचायझीसाठी ५५९. (कॅन्सस सिटीतले १४ धरले की कारकिर्दीचे ५७३.) हॉवर्डचेही तसेच: वॉशिंग्टनसाठी २३७, टेक्सासचे ९ धरून फ्रँचायझीसाठी २४६. विजेतेपदेही अशीच मोजली जातात. ट्विन्सची वर्ल्ड सिरीज (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) विजेतेपदे मिनेसोटात दोन, १९८७ आणि १९९१. फ्रँचायझीची तीन, कारण १९२४ चे वॉशिंग्टनमधले विजेतेपद त्याच वहीत आहे. म्हणून संख्या उतरवून घेताना ती शहराची की फ्रँचायझीची, हे शेजारी लिहून ठेवावे. मैदानाच्या नावावरून संघ ठरवू नये, १९६१ मध्ये दुसरा संघही ग्रिफिथ स्टेडियमवरच खेळल्याने तो पुरावा बाद होतो. टेक्सासबद्दल आणखी एक: १९७१ मध्ये हा संघ लीगच्या पूर्व विभागात होता, १९७२ मध्ये पश्चिम विभागात गेला आणि मिल्वॉकी पूर्वेला आला. विभागवार तक्ते जोडताना हे सुटते.

खेळाडूच्या नावावर तर मुळीच विसंबू नये. पास्कुअल जुन्या सेनेटर्सकडून, मग ट्विन्सकडून आणि १९६७ पासून नव्या सेनेटर्सकडूनही खेळला. डॉन मिंचरने तर चारही शर्ट घातले: १९६० चे सेनेटर्स, ट्विन्स, १९७१ चे सेनेटर्स आणि १९७२ चे रेंजर्स.

नावाचा आणखी एक गुंता आहे. जुन्या संघाचे अधिकृत नाव १९०५ पासून पन्नाशीच्या दशकापर्यंत ‘नॅशनल्स’ होते. लोक मात्र सेनेटर्सच म्हणत. आजचे वॉशिंग्टन नॅशनल्स, २०१९ चे विजेते, हे वेगळेच. ते मॉन्ट्रिऑल एक्सपोज. २००५ मध्ये कॅनडातून आले, पहिल्या हंगामात ८१-८१ वर राहिले आणि २७ लाखांवर प्रेक्षक मिळवले. म्हणजे १९०१ पासूनची राजधानीची ही तिसरी वही, आणि १९२४ चे विजेतेपद हिच्यातही नाही.

३० सप्टेंबर १९७१ ला दुसऱ्या सेनेटर्सचा शेवटचा सामना यँकीजशी होता. सेनेटर्स ७-५ ने पुढे होते, नवव्या डावात दोन बाद झाले होते आणि एक बळी हवा होता, तेवढ्यात चिडलेले प्रेक्षक मैदानात घुसले. पंचांनी सामना ९-० असा यँकीजना बहाल केला. हाती असलेला चेंडू पिचर जो ग्रेझेंडाने घरी नेला आणि जपून ठेवला. १४ एप्रिल २००५ ला, त्याच आर. एफ. के. स्टेडियमवर नॅशनल्सच्या घरच्या पहिल्या सामन्याआधी, त्याने तो अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या हाती दिला आणि बुशनी तोच फेकला. बुश पूर्वी टेक्सास रेंजर्सचे भागीदार-मालक होते.