स्वेडच्या हेल्मेटची निगा: वर लव, आत थर्माकोल

माथेरानच्या तांबड्या वाटांवरून तासभर घोड्यावरून रपेट करून आल्यावर काळ्या स्वेडचे, म्हणजे लव असलेल्या मऊ चामड्याने मढवलेले, हेल्मेट खिडकीपाशी उजेडात धरले, तर त्यावर तीन गोष्टी दिसतात. माथ्यावर लाल धुळीचा थर असतो. पुढच्या कडेला, जिथे हेल्मेट घालताना आणि काढताना बोटे लागतात, तिथे लव दबून चकचकीत झालेली असते. आणि कपाळाच्या रेषेवर घामाच्या मिठाची पांढरट नागमोडी कड उमटलेली असते. या तिन्हींना आपण सरसकट मळ म्हणतो. प्रत्यक्षात पहिली खनिजाची भुकटी आहे, दुसरी चरबी आणि तिसरा क्षार, त्यामुळे एकाच ओल्या फडक्याने तिन्हींचा समाचार घेण्याचा प्रयत्न हमखास फसतो.

मळाकडे वळण्यापूर्वी हे मळलेले वस्त्र कशावर चढवलेले आहे ते पाहिले पाहिजे. स्वेडच्या खाली प्लॅस्टिकचे किंवा काचतंतूंचे कठीण कवच असते आणि त्याच्या आत विस्तारित पॉलिस्टायरिनचा, म्हणजे थर्माकोलच्याच जातीचा पण त्याहून घट्ट, जाड थर असतो. या थरात ९० टक्क्यांहून अधिक हवाच असते. घोड्यावरून पडल्यावर त्यातील बारीक कप्पे चिरडले जातात, डोके थांबायला काही क्षणांश जास्त मिळतात आणि मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. म्हणजे हेल्मेटचे खरे काम हा थर करतो, आणि स्वेड स्वच्छ करण्याचे काही प्रचलित उपाय नेमके त्याच्याच मुळावर उठणारे आहेत.

शाळेच्या प्रकल्पासाठी किंवा थर्माकोलबंदीपूर्वीच्या गणपतीच्या मखरासाठी ज्यांनी थर्माकोलवर स्प्रेचा रंग मारला असेल, त्यांनी तो पांढरा ठोकळा डोळ्यांदेखत खड्डे पडून आक्रसताना पाहिला असेल. त्या रंगातील द्रावक पॉलिस्टायरिनच्या लांबलचक रेणूंमध्ये शिरतो, त्यांची एकमेकांवरची पकड सुटते आणि आतली हवा निसटून जाते. पेट्रोल, थिनर, नखांचा रंग काढण्याचे द्रव यांचा परिणाम असाच होतो. बुटांवरचे तेलकट डाग काढणाऱ्या काही द्रवांमध्येही असेच द्रावक असतात, आणि ते हवेच्या छिद्रांतून किंवा शिवणीतून आत झिरपले तर वरून काहीही न दिसता आतला थर पोखरला जाऊ शकतो. तबेल्यात डास-माश्यांसाठी अंगावर मारली जाणारी डीट हे रसायन असलेली औषधेही काही प्लॅस्टिक मऊ पाडतात. ती मारताना हेल्मेट डोक्यावर किंवा हातात असू नये, हे फारसे कोणी सांगत नाही.

उष्णतेचेही तसेच आहे. पॉलिस्टायरिन सुमारे १०० अंश सेल्सिअसला मऊ होते, पण त्याच्या फेसाचा आकार त्याहून बऱ्याच कमी तापमानाला बिघडू लागतो. उन्हाळ्यात बंद मोटारीच्या काचेमागे ठेवलेले हेल्मेट किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने वाळवलेले हेल्मेट त्या मर्यादेजवळ सहज जाते. दबलेली लव उठवण्यासाठी बुटांना किटलीची वाफ दाखवतात. बुटाच्या आत थर्माकोल नसतो, म्हणून तो उपाय तिथेच ठेवावा.

आता स्वेड. हा शब्द फ्रेंचमधून आला. तिथे स्वीडनहून येणाऱ्या मऊ हातमोज्यांना ‘स्वीडनचे हातमोजे’ म्हणत, त्यातून चामड्यालाच देशाचे नाव चिकटले. कातड्याची मांसाकडची बाजू घासली की कोलॅजेन या प्रथिनाचे बारीक धागे मोकळे होऊन उभे राहतात, तीच लव. बाहेरच्या बाजूला जी घट्ट वीण असते तिचे संरक्षण इथे नसल्यामुळे पाणी, तेल आणि धूळ यांना आत शिरायला मोकळे रान मिळते. आजच्या अनेक हेल्मेटांवर मात्र जनावराचे चामडे नसून त्याच्यासारखे दिसणारे कृत्रिम कापड असते. जपानमध्ये १९७० च्या सुमारास पुढे आलेल्या तंत्राने अतिसूक्ष्म पॉलिस्टर धागे पॉलियुरेथेनमध्ये बसवून ते तयार होते. पॉलिस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून कृत्रिम स्वेड ओलसर फडका आनंदाने सहन करतो. खरे स्वेड पाणी पिते, काळवंडते आणि वाळताना ताठरते. तेव्हा आधी हेल्मेटच्या आतली माहितीची पट्टी वाचावी, मग पाण्याला हात लावावा.

दोन्हींसाठी सुरुवात कोरडीच. माथेरानच्या मातीचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो आणि ते पाण्यात विरघळत नाही. ओले फडके फिरवले की पाणी हे बारीक कण सोबत घेऊन धाग्यांच्या मुळाशी नेऊन बसवते, मग काळ्या हेल्मेटला कायमची तपकिरी झाक येते. चिखल असेल तर तो पूर्ण वाळू द्यावा; वाळताना चिकणमाती आकसते, तिला भेगा पडतात आणि तिची पकड आपोआप ढिली होते. त्यानंतर मऊ नायलॉनच्या ब्रशने लवेच्या दिशेने हलके फटकारे मारावेत. घोड्याला खरारा करतो त्या जोराने इथे करू नये, आणि बुटांचा पितळी तारांचा ब्रश तर लांबच ठेवावा.

चकचकीत झालेला भाग हा चरबीचा प्रताप आहे. बोटांवरचा त्वचेचा स्निग्ध स्राव आणि खोगीर-लगामाला लावलेले तेल धाग्यांना एकमेकांना चिकटवून आडवे पाडते. आडव्या धाग्यांवरून उजेड एकाच दिशेने परततो, म्हणून ती जागा चमकते. इथे आपल्या घरातली मुलतानी माती कामाला येते. लोकर विणल्यावर तिच्यातील तेल काढायला पूर्वीचे कारागीर याच जातीची माती वापरत, कारण तिच्या कणांमधल्या अतिअरुंद फटी तेल स्वतःकडे ओढून घेतात. कोरडी भुकटी डागावर पसरून रात्रभर ठेवावी, सकाळी ब्रशने झटकावी आणि उरलेली चमक साध्या खोडरबराने हलकेच घासावी. गडद रंगावर मातीची फिकट छटा मागे राहू शकते, तेव्हा आधी मागच्या कोपऱ्यात करून पाहावे. काही जण मक्याचे पीठ सुचवतात. तेही तेल टिपते, पण कणभर जरी लवेत उरले तरी पावसाळ्यात ते बुरशीचे अन्न ठरते.

मिठाच्या कडेला मात्र पाणी लागतेच, कारण मीठ पाण्यातच विरघळते. अडचण अशी की ओला ठिपका वाळताना कडेकडून आधी वाळतो, ती तूट भरायला आतले पाणी कडेकडे वाहते आणि विरघळलेले सगळे तिथे आणून टाकते. सांडलेल्या कॉफीच्या डागाला गडद वर्तुळ का पडते, याचे हेच स्पष्टीकरण शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ साली दिले. म्हणून फक्त डागावर पाणी लावले की नवा डाग तयार होतो. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके शिवणीपासून शिवणीपर्यंत संपूर्ण तुकड्यावर सारखे फिरवावे आणि हेल्मेट सावलीत पंख्याखाली वाळवावे. बोअरवेलचे जड पाणी स्वतःचे क्षार मागे ठेवते. साबणही नको, कारण क्रोमने कमावलेले चामडे किंचित आम्लधर्मी असते आणि साबण अल्कधर्मी.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात, जुलैत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की बंद पिशवीतल्या हेल्मेटवर पांढुरकी बुरशी धरते. ती घरात झटकली तर तिचे बीजाणू कपाटभर होतात, म्हणून बाहेर नेऊन ब्रश करावा. आतले सुटे अस्तर काढून साध्या पाण्यात वेगळे धुवावे आणि ते पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नये. बहुतेक वेळा ओलाव्याचा उगम तिथेच असतो. हेल्मेट हवा खेळणाऱ्या कापडी पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे.

ब्रश फिरवताना माथ्यावर एखाद्या जागी लव विचित्र सपाट झालेली किंवा खरवडलेली आढळली, तर ती उभी करण्याची घाई करू नये. चकचकीत कवचावर तडा दिसतो, स्वेडखाली तो दिसत नाही, आणि ती खरवड हीच कधीकधी विस्मरणात गेलेल्या पडण्याची एकमेव खूण असते. चिरडलेले पॉलिस्टायरिन पूर्ववत होत नाही. त्या जागी पुढचा मार झेलायला काही उरलेले नसते. अंगठ्याने त्या जागेभोवती हलके दाबून पाहावे, अस्तर काढून आतून भेग आहे का ते तपासावे. आणि हेल्मेट घालून पडल्याचे आठवत असेल, तर काहीही न सापडले तरी ते बदलावे.