डोळ्यांना लागणारं ऊन (नागपूर)

उन्हातल्या अतिनील म्हणजे यूव्ही किरणांनी डोळ्यांना होणारी इजा आणि ती टाळायचे उपाय, असा हा विषय. नागपुरात उन्हाळा म्हटलं की सगळे पाऱ्याचंच बोलतात, 23 मे 2013 ला 47.9 अंश झालं होतं ते अजूनही आठवणीने सांगतात, पण डोळ्यांचं हे नुकसान पाऱ्यामुळे होत नाही. ते यूव्हीमुळे होतं, आणि यूव्ही दिसतही नाही, गरमही लागत नाही. त्यामुळे जानेवारीत स्वेटर घालून फुटाळा तलावावर ऊन खात बसलं तरी ही किरणं डोळ्यांत जातच असतात, आणि पातळ ढग असले तरी ती बरीचशी खाली उतरतात.

तरी मे महिना सगळ्यात कडक. नागपूर साधारण 21 उत्तर अक्षांशावर आहे म्हणून 26 मे च्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावलीच पडत नाही, आणि नवतपाही, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, 25 मे लाच लागतो. आभाळ निरभ्र असेल तर यूव्ही इंडेक्स, म्हणजे यूव्हीचा जोर सांगणारा आकडा, तेव्हा 11 च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटना 3 पासूनच काळजी घ्या म्हणते आणि 11 आणि त्यापुढचं सगळं तिच्या हिशोबात अतितीव्र.

आपल्याकडे घराबाहेर पडताना डोकं, कान, तोंड दुपट्ट्याने घट्ट बांधायची पद्धत आहे, लू पासून वाचायला ती एकदम बरोबर आहे, ती सोडू नये. पण त्यात नेमके डोळेच उघडे राहतात! शेतात, बांधकामावर, गाडीवर दिवस काढणाऱ्या माणसाचे डोळे वर्षानुवर्षं असे उघडे राहतात, आणि ही इजा साठत जाणारी आहे.

इजा कुठे होते ते बघू. बुबुळावरचा पारदर्शक पडदा एकाच दिवसात भाजू शकतो, त्रास लगेच होत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यावर रात्री जे होतं ते हेच, बहुतेक वेळा दोनेक दिवसांत बरं होतं. खरा हळू चालणारा त्रास म्हणजे वडस, ज्याला लोक डोळ्यात मांस वाढलं म्हणतात. हे मांस बहुतेक वेळा नाकाच्या बाजूनेच का वाढतं याचं कारण समजून घेण्यासारखं आहे: कानाच्या बाजूने तिरकी येणारी किरणं बुबुळाच्या फुगीर पडद्यातून वळतात आणि भिंगातून यावीत तशी नाकाकडच्या कडेवर एकवटतात. म्हणजे समोरून झाकून भागत नाही, बाजूची फट जास्त महत्त्वाची. वडस ऑपरेशनने काढता येतो पण नुसता खरवडून काढला तर परत येण्याचं प्रमाण बरंच असतं, म्हणून आता बहुतेक डॉक्टर त्या जागी डोळ्याचीच पातळ त्वचा लावतात. मोतीबिंदूला वय, डायबिटीस, तंबाखू अशी बरीच कारणं आहेत, त्यात यूव्हीचाही हात आहे.

आता गॉगल. काच काळी आहे म्हणजे डोळे सुरक्षित, हा समज सगळ्यात घातक. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काचेत यूव्ही अडवायची सोय नसेल तर उलट जास्त किरणं आत जातात. म्हणून फुटपाथवरचा 100-150 रुपयांचा गॉगल नुसता रंग बघून घेऊ नये. त्यावर यूव्ही400 (म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतची यूव्ही अडवणारा) लिहिलंय का बघावं, आणि लिहिलेल्यावर भरवसा नसेल तर यूव्ही मीटर असलेल्या चष्म्याच्या दुकानात दाखवावा, मिनिटभराचं काम आहे. पोलराइज्ड म्हणजे फक्त डांबरावरची, पाण्यावरची चमक कमी, त्याचा यूव्हीशी संबंध नाही. पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची बिनरंगी काचसुद्धा यूव्ही अडवते, त्यामुळे नंबरच्या चष्म्यालाही हे जमतं. आकार मोठा, कानाकडे वळलेला हवा, आणि वर रुंद काठाची टोपी असली तर डोळ्यांवर पडणारी किरणं साधारण निम्मी होतात. दुपारी सूर्य डोक्यावर असताना भुवई थोडी आड येते पण सकाळी 8-9 ला आणि 3-4 ला किरणं थेट डोळ्यांत शिरतात, म्हणून फक्त 12 ते 2 सांभाळून चालत नाही. लहान मुलांच्या डोळ्याचं भिंग जास्त स्वच्छ असतं, त्यातून जास्त यूव्ही मागच्या पडद्यापर्यंत जाते, शाळेच्या दप्तरात टोपी टाकायलाच हवी.

सूर्यग्रहणाचं वेगळं आहे. सूर्याकडे थेट पाहिलं की डोळ्याच्या मागचा पडदा जळतो, तिथे दुखणं कळायची सोयच नसल्यामुळे त्या क्षणी काही जाणवत नाही आणि नंतर नजरेच्या मधोमध डाग राहतो, काहींचा कायमचा. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल, परातीतल्या पाण्यातलं प्रतिबिंब, यातलं काहीच चालत नाही. आयएसओ 12312-2 मानकाचे ग्रहण चष्मे वापरावेत, नाहीतर पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून, सूर्याकडे पाठ करून, कागदावर प्रतिमा पाडावी. 2 ऑगस्ट 2027 ला सूर्यग्रहण आहे, आपल्याकडे ते खंडग्रास दिसणार, पावसाळ्यातलं, ढगांनी जागा दिली तर नागपुरातूनही दिसेल.