विहिरीतली मोटार आणि बांधावरचा मोह

भाचीच्या वहीत निबंध होता, ‘मी झाड झाले तर’. तिनं पिंपळ निवडला होता आणि कारण एका ओळीत उरकलं होतं: पिंपळ रात्रंदिवस ऑक्सिजन देतो. हेच वाक्य माझ्या मोबाइलवर दर महिन्याला कोणी ना कोणी पाठवतं, खाली जोडलेले हात टाकून. म्हणून आधी त्याचाच निकाल लावतो. झाड जो ऑक्सिजन सोडतं तो पाण्याच्या रेणूतून येतो आणि हा रेणू फोडायला उजेड लागतो. दिवस मावळला की काम बंद. घायपातीसारख्या काही वनस्पती रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात हे खरं, पण ऑक्सिजन त्यांचाही दिवसाच सुटतो. रात्री पिंपळ तुमच्या-माझ्यासारखा ऑक्सिजन घेतच असतो. त्याला हात खुशाल जोडा, फक्त विज्ञानाच्या नावानं जोडू नका.

“मंग तुमी कोनतं झाड होसान, मामाजी?”

मी मोह होईन. दारूसाठी नाही (आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात हा खुलासा आधी करावा लागतो). कारण आहे आमची विहीर.

मार्च लागला की पाणी खाली जातं आणि वरची मोटार दोर लावून एकेक टप्पा खाली उतरवावी लागते. मोटार पाणी ओढते असं आपण म्हणतो, पण ती फक्त पाइपातली हवा कमी करते. पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब. हा दाब पाण्याचा फार तर १०.३ मीटर उंच खांब पेलू शकतो. पंप कितीही चांगला असो, ठरावीक उंचीच्या वर पाणी चढत नाही, हे गॅलिलिओनं १६३८ च्या आपल्या ग्रंथात नोंदवलंय. प्रत्यक्षात सहा-सात मीटरलाच मोटार कुरकुरायला लागते. त्यातून पाइपाच्या तळाशी पाणी धरून ठेवणारी झडप, म्हणजे फुटव्हॉल्व्ह (गावात सगळे त्याला फुटबॉल म्हणतात), गळका असेल तर मोटार हवा धरते. मग बादलीनं पाइप भरत बसा.

आता बांधावरचा मोह बघा. उंची पंधरा मीटर, मुळं त्याहून खाली कुठं गेलीत ती वेगळीच. ब्रह्मपुरीकडे पारा ४६ च्या वर जातो त्या दिवसांतही पाणी शेंड्याला पोचतं. मोटार नाही, वीज नाही, भारनियमन नाही.

हे कसं होतं याचं उत्तर डब्लिनमधल्या डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये दिलं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. खोडातल्या केसासारख्या बारीक नळ्यांत पाण्याचे दोर असतात असं समजा, मुळापासून पानापर्यंत न तुटलेले. पानातल्या पेशींच्या भिंतींना अतिसूक्ष्म छिद्रं असतात. तिथून वाफ उडाली की उरलेल्या पाण्याचा पृष्ठभाग आत वाकतो, आणि पृष्ठताणामुळे मागच्या पाण्याला ओढ बसते. छिद्र जितकं बारीक, तितकी जास्त ओढ पेलता येते. ही ओढ दोरातून थेट मुळापर्यंत जाते. म्हणजे इथे पाणी खालून ढकललं जात नाही, खरोखर ओढलं जातं, त्यामुळे १०.३ मीटरची अट मोहाला लागूच होत नाही. नळीतल्या पाण्याचा दाब शून्याच्याही खाली असतो. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. पण १९६५ मध्ये शोलँडर या शास्त्रज्ञानं ते मोजून दाखवलं: तोडलेली फांदी बंद भांड्यात ठेवायची, देठाचं टोक बाहेर, आणि आत गॅसचा दाब वाढवत न्यायचा. कापलेल्या टोकाशी ज्या दाबाला पाणी दिसेल, तितकी आधी ओढ होती. झाडांत ही ओढ सहज १०-२० वायुभार निघते (एक वायुभार म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब). कारच्या टायरमध्ये आपण भरतो ती हवा दोनेक वायुभारांची.

इतका ताणलेला दोर तुटतोही. नळीत बुडबुडा शिरला की ती नळी रिकामी, म्हणजे झाडानंही हवा धरली! १९६६ मध्ये मिलबर्न आणि जॉन्सन यांनी सुकत चाललेल्या एरंडाच्या पानांत ही तुटण्याची टिकटिक यंत्रानं ऐकली. आपला बांधावरचा एरंडच तो. शेजारच्या नळीत बुडबुडा जाऊ नये म्हणून मधल्या भिंतीत चाळणीसारखे बारीक पडदे असतात, पण ओढ वाढतच गेली तर तेही हरतात.

मग मोह काय करतो? फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकून देतो. वाफ थांबली, ओढ ढिली पडली. खोल मुळं पाणी घेतच राहतात आणि खोड हळूहळू पुन्हा भरतं. त्याच पाण्यावर कळ्या फुगतात. पहाटे झाडाखाली उभं राहिलं तर डोक्यावर टपकन फूल पडतं, रसानं जड. हातात घेऊन बघा, मधोमध भोक असतं: फळ होणारा भाग वर फांदीलाच राहिलेला असतो, त्याचीच पुढे टोळ, म्हणजे मोहाचं फळ, होते. म्हणून खाली पडलेली फुलं वेचल्यानं बी बुडत नाही.

पाठोपाठ तांबूस पालवी, तीही भर उन्हात. सागवान पावसाची वाट बघत उघडाच असतो. मोहाची पानं मात्र पहिल्या सरीला तयार असतात. तामिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात मुरली आणि सुकुमार या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये दाखवलं की पावसाआधी पालवी फोडणाऱ्या झाडांची पानं किडे कमी खातात. किडे पावसात वाढतात, तोवर पान जून झालेलं असतं.

भाचीनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “फुलं येचाले लोक खालचा पाला जाळतेत, तवा काय करसान?”

खरं आहे. आग जंगलात शिरते आणि रोपं करपतात. म्हणून जुन्या मोहाखाली नवा मोह क्वचित दिसतो. आम्ही आता जुन्या साड्या जोडून अंथरतो. फुलांना माती लागत नाही. बुंध्यापासून दहा पावलांवर एक रोप गुडघ्याएवढं झालंय. सध्या त्याला शेजाऱ्याच्या शेळीपासून सांभाळणं चालू आहे.