पोटरीतला पंप

दोन तास चालल्यावर पाय दुखतात. दोन तास एका जागी उभं राहिल्यावर ते भरून येतात. चपलेचा पट्टा रुतायला लागतो, मोज्याचा वळ उठतो. असं होतं ते नीलांमुळे, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांमुळे. (नाव नीला असलं तरी आतलं रक्त निळं नसतं, गडद लाल असतं.)

रोहिणीची, म्हणजे हृदयाकडून रक्त बाहेर नेणाऱ्या वाहिनीची, भिंत जाड आणि चिवट, नीलेची पातळ आणि सैल. शरीरातलं निम्म्याहून अधिक रक्त कोणत्याही क्षणी नीलांतच असतं. आपण उभे राहिलो की हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताचा सगळा भार खालच्या नीलांवर येतो. रक्तदाबाच्या नेहमीच्या एककात मोजलं, तर घोट्याजवळच्या नीलेतला दाब ९०च्या घरात जातो. नीला फुगतात आणि सुमारे अर्धा लिटर रक्त पायांकडे उतरतं. परेडमध्ये ताठ उभा असलेला धडधाकट जवान कोसळतो, तो बहुधा याचमुळे.

चालायला लागलं की चित्र पालटतं. पोटरीचे स्नायू आवळले की त्यांच्यामधल्या खोल नीला पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. स्नायू सैल पडल्यावर ते खाली यायला हवं, पण येत नाही, कारण नीलांमध्ये दोन-दोन पाकळ्यांच्या एकदिश झडपा असतात. काही पावलांतच घोट्याजवळचा दाब ३०च्या खाली येतो.

इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध करताना याच झडपांचा आधार घेतला. त्यांचा प्रयोग घरीही जमतो. हात खाली सोडून मनगट ते कोपर या भागातली एक ठळक, सरळ शीर निवडा. मनगटाकडच्या बाजूला एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने शीर निपटत न्या आणि ते दुसरं बोट उचला. मध्ये झडप असेल, तर तिच्या खालचा भाग रिकामाच राहतो. आता पहिलं बोट उचला: शीर खालून झटकन भरते.

झडपा निकामी झाल्या की रक्त उलटं खाली येतं. त्वचेखालच्या शिरा वेड्यावाकड्या फुगतात. हेच व्हेरिकोज व्हेन्स. दाब वर्षानुवर्षं चढाच राहिला, तर रक्तपेशी बाहेर झिरपून घोट्याच्या आतल्या बाजूची त्वचा काळवंडते, पुढे तिथेच न भरणारी जखम होते. निव्वळ मलम लावून ती का हटत नाही, हे यावरून कळावं: मूळ दुखणं त्वचेत नसून दाबात आहे.

उभं राहून काम करणाऱ्यांनी अधूनमधून टाचा उचलाव्यात. दाबाचे मोजे (पाय आवळून धरणारे घट्ट मोजे) सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, सूज यायच्या आत चढवायचे. मधुमेह असेल किंवा पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घालू नयेत. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागलं, तर आडवं व्हा, पाय उंच करा आणि जखमेवरच कापड घट्ट दाबून धरा. वर दोरी आवळू नका.

एकच पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, तर खोल नीलेत गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली, तर जिवावर बेतू शकतं. अशी पोटरी चोळू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. धाप किंवा छातीत दुखणंही असेल, तर थेट रुग्णवाहिका बोलवावी.