बार मित्झ्वा: नाव मुलाचे की सोहळ्याचे?

बार मित्झ्वा मराठीत समजावताना ‘ज्यूंची मुंज’ म्हणून मोकळे होण्याची सवय पडली आहे. यात मूळ मुद्दाच निसटतो. मुंजीत आधी संस्कार, मग अधिकार. इथे मुलाला तेरा वर्षे पूर्ण होऊन चौदावे लागले, की तो बार मित्झ्वा होतोच. कुणी मंत्र म्हटले नाहीत, जेवण घातले नाही, तरी होतो.

‘बार’ अरामी शब्द, अर्थ मुलगा. हिब्रूत ‘बेन’, कोकणातल्या ज्यू समाजाच्या ‘बेने इस्रायल’ या नावातले ‘बेने’ त्याचेच अनेकवचन. मित्झ्वा म्हणजे धर्माज्ञा. पण ‘आज्ञेचा मुलगा’ हे शब्दशः भाषांतर फसवे आहे. ‘बार’ इथे ‘बांधील’ या अर्थाने येतो, आणि तालमुदात, म्हणजे ज्यूंच्या धर्मचर्चांच्या ग्रंथात, हा शब्द धर्माज्ञा लागू असलेल्या माणसासाठी आहे, कार्यक्रमासाठी नाही. म्हणून ‘त्याचा बार मित्झ्वा झाला’ ऐवजी ‘तो बार मित्झ्वा झाला’ म्हणावे, असे मला ठामपणे वाटते.

तोरात, म्हणजे ज्यूंच्या मूळ पाच धर्मग्रंथांत, तेराचा आकडा नाही. शिरगणतीसाठी तिथे वय २० धरले आहे. १३ वर्षे मिश्नातली, म्हणजे तालमुदाच्या गाभ्यातल्या नियमसंग्रहातली. सोहळा तर मध्ययुगात जर्मनी-फ्रान्सकडे आकाराला आला. मुलाला तोरावाचनासाठी पुकारायचे आणि वडिलांनी म्हणायचे, ‘याच्या शिक्षेतून मला मोकळे करणारा धन्य.’ आजवर मुलाच्या चुका बापाच्या खात्यावर होत्या, त्या आता मुलाच्या.

बार मित्झ्वा होणे आणि त्याचा सोहळा, हा फरक कोकणात सर्वांत स्पष्ट दिसतो. बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या तेलघाण्यावर राबले, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले. सुंता, शेमा ही प्रार्थना, खाण्याचे नियम त्यांनी जपले. सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, मात्र नव्हते. पहिले उभे राहिले १७९६ साली, मुंबईच्या मांडवीत. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि मस्जिद स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे मानतात. तोराची गुंडाळी ठेवलेल्या पेटीसमोर मुलाला पुकारण्याची सोय तेव्हा झाली. त्याआधीची कोकणातली तेरा वर्षांची मुले बार मित्झ्वा नव्हती असे म्हणणे शब्दाच्या अर्थालाच धरून नाही.

पुकारलेल्या मुलापुढची परीक्षा मोठी असते. गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात, चालीच्या खुणा नसतात; सगळे आधी पाठ करून यावे लागते. चर्मपत्राला बोट लावायचे नाही, म्हणून टोकाला इवलासा हात असलेली चांदीची काडी ओळीवरून फिरते. कामाच्या दिवशी तेफिलिनचा, म्हणजे प्रार्थनेत अंगावर बांधायच्या धर्मवचनांच्या डब्यांचा, काळा चामडी पट्टा डाव्या हाताला सात वेढे घेतो.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या सुधारकांनी बार मित्झ्वाऐवजी मुलामुलींचा एकत्र दीक्षाविधी आणून पाहिला. १९२२ मध्ये न्यूयॉर्कला एका रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, स्वतःच्या बारा वर्षांच्या मुलीला सिनेगॉगमध्ये पुढे बोलावले आणि बात मित्झ्वाला, म्हणजे मुलींच्या अशाच सोहळ्याला, वाट मिळाली. हे फार उशिरा झाले. आजही अनेक सनातनी सिनेगॉगमध्ये मुलीला तोरासाठी पुकारत नाहीत.

१९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. लोद, अश्दोद, बेरशेबा, दिमोनात स्थिरावले. आता कुणी सोमवारी-गुरुवारी, तोरावाचनाच्या दिवशी, जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी मुलाला नेतात. इकडे कोकणात काही सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणे अवघड झाले आहे. नऊ जण जमून दाराकडे बघत असतात, तेव्हा कालच तेरा पूर्ण केलेला मुलगा आत येतो आणि दहावा म्हणून मोजला जातो.