सुई लागली की गाठ खवळते?

“गाठीला सुई लावू नका, कॅन्सर खवळतो आणि अंगभर पसरतो,” हे ओपीडीत आजही ऐकू येतं. समज कुठून आला तेही दिसतं. गाठ दुखत नाही म्हणून माणूस महिनोन्‌महिने थांबतो, शेवटी बायोप्सी (सुईने गाठीचे तुकडे काढून तपासणी) होते आणि आधीच पसरलेला आजार उघड होतो. खापर सुईवर फुटतं.

बायोप्सीत निघतात ते शेवईसारखे बारीक दोन-चार तुकडे. फॉर्मलिनच्या बाटलीतून ते तपासायला जातात. कॅन्सर आहे का, कोणता, हे त्यावरून कळतं. स्तनाच्या गाठीत तर कोणतं औषध लागू पडेल, हेही.

सुईच्या वाटेत पेशी सांडू शकतात, पण क्वचित. सर्जन तेही धरून चालतात. हाडाच्या किंवा स्नायूच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे सार्कोमात, सुईची वाट अशी आखतात, की पुढच्या ऑपरेशनमध्ये ती गाठीसोबतच काढता यावी. वृषणात कॅन्सरची शंका असेल, तर अंडकोशातून सुई घालतच नाहीत. जांघेतून छेद घेऊन वृषण काढतात. हा कॅन्सर वेळेत सापडला तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

मला खरी भीती वाटते ती ‘साधी चरबीची’ म्हणून काढून, न तपासताच फेकून दिलेल्या गाठीची.