शेपू

कोथिंबीर, ओवा, गाजर यांच्याच कुळातली उग्र वासाची पालेभाजी (शास्त्रीय नाव : ॲनेथम ग्रॅव्हिओलेन्स, संस्कृत : शतपुष्पा). पाल्याला शेपू म्हणतात, तर बियांना बाळंतशेपा. बडीशेप वेगळी : ती हिरवट, फुगीर, गोड, बाळंतशेपा तपकिरी, चपटा, कडेला फिकट झालर असलेला आणि चवीला तिखट-कडसर. बाळंतशेपा चाखताना शहाजिऱ्याची आठवण येते ती या दोन्हींतल्या कार्व्होन या द्रव्यामुळे.

भाजीसाठी फुलावर न आलेली कोवळी जुडी घ्यावी. तुरा धरला की देठ दोरीसारखे होतात. पाल्यात माती अडकते, म्हणून आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन, निथळून मगच बारीक चिरावी. एका जुडीला पाव वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवावी. तेलात आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून लालसर कराव्यात, तीन हिरव्या मिरच्या आणि डाळ परतून, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावे. डाळ बोटाने दाबली की मोडेल, पण आख्खी दिसेल, तेव्हा शेपू घालून पाच-सात मिनिटे उघडीच परतावी. पाला आणि डाळ एकदमच शिजत घातली, तर डाळ होईस्तोवर पाला काळपट पडतो आणि वास उडून जातो. मीठ शेवटी, कारण ढीगभर पाला मूठभर होतो आणि आधीच्या अंदाजाने भाजी खारट होते. लसणात काटकसर करू नये. सोबत ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी. गौरी येतात त्या दिवशी अनेक घरी हाच नैवेद्य असतो. ढेकरांमुळे नाक मुरडणारे बरेच. त्यांच्यासाठी पीठ पेरून केलेली भाजी सौम्य लागते.

बाळंतिणीला जेवणानंतर बाळंतशेपा, ओवा, तीळ आणि सुक्या खोबऱ्याचा कीस भाजून, सैंधव लावून देतात. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजावा. एकत्र भाजल्यास तीळ करपतात, बाळंतशेपा कच्चा राहतो. पूर्ण गार होण्याआधी बरणीत भरल्यास मुखशुद्धी सादळते. याने वात सरतो, दूध वाढते अशी समजूत आहे. दूध वाढण्याला मात्र भक्कम वैद्यकीय पुरावा नाही. इंग्लंडमध्ये 1851 साली विल्यम वुडवर्ड यांनी आणलेल्या ग्राइप वॉटरमध्येही शेपूच्या बियांचे तेल होते, आणि अल्कोहोलसुद्धा. सहा महिन्यांखालील बाळाला आईच्या दुधाखेरीज असे काही देऊ नये. ओवा-बाळंतशेपाची धुरी बाळाच्या खोलीत टाळावी, धुराने श्वासनलिकेला त्रास होतो. गरोदरपणी भाजी चालते; बियांचे अर्कतेल पोटात घेऊ नये.